तोफेच्या मापाची घंटा

आपल्या पाद्रीबाबांनी एक चाल पाडली आहे. वर्षाच्या सणाला माणसं पहाटेपासून देवाच्या घरी, इगर्जीत जमतात आणि मिस्साची उपासना सुरू व्हायला अवकाश असतो. त्या वेळात वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं आपल्या धंद्याची हकिगत लिहून आणायची आणि बाकीच्यांनी ती मुकाट ऐकायची. गेल्या वर्षी आपल्या पखालवाल्या बाबांनी घोड्यांना पाणी कसं पाजतात हे इतकं लांबवलं, की मिस्सा होईपर्यंत काही न खाणाऱ्या पाद्रीबाबांना घेरी यायचीच बाकी होती. यंदा पाळी माझी.

मी पेद्रू मिस्त्री. श्रीमंत पेशव्यांच्या तोफा ओतायच्या कारखान्यात एकतीस वर्षं राबलो. नवी तोफ ओतली की तिची परीक्षा होते. दुप्पट दारू ठासून ती उडवायची आणि ज्यानं ओतली त्यानं शेजारी उभं राहायचं, असा आमचा रिवाज. या रिवाजामुळे मिस्त्री काम नीट करतो, पण त्याचे कान जातात. माझे दोन्ही गेले. बहिरा माणूस वाचायला लागला की ओरडतो, म्हणून हे कागद माझी लेक मारी वाचून दाखवणार आहे. मारी, पुढं तुझ्याबद्दल येईल ते गाळू नकोस. मी तुझ्या ओठांकडे बघत बसणार आहे.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. तोफ ओतायची तर प्रथम मातीची खोटी तोफ करतात. तिच्यावर जाड मातीचा साचा चढवतात. मग आतली खोटी तोफ काढून घेतात आणि त्या पोकळीत वितळलेला धातू सोडतात. मातीत शेण, भाताचं तूस आणि बकरीचे केस मळावे लागतात, नाहीतर साचा तडकतो. आमची माती धायरीहून बैलगाडीनं यायची. गाडीवान दर खेपेला माझ्याकडं कीव आल्यासारखं बघायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, माती लई ग्वाड हाय. हिच्यात वांगी लावली असती तर पोरांनी खाल्ली तरी असती."

धातू म्हणजे तांबं आणि कथील. दहा शेर तांब्याला एक शेर कथील, हे तोफेचं माप. कथील कमी पडलं तर तोफ मऊ राहते आणि गोळ्यांनी आतून झिजत जाते. जास्त झालं तर ती कडक होते आणि दारूच्या दणक्यानं फुटते. फुटलेली तोफ शत्रूच्या वाटेला जात नाही, आपल्याच गोलंदाजांचा जीव घेते. माझ्या हातची एकही तोफ फुटली नाही. हे वाक्य मारीनं दोनदा वाचावं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुना. एका सरदारांना तोफेच्या तोंडाशी वाघाचं डोकं हवं होतं, इथवर ठीक. पण त्या वाघाला त्यांच्या स्वतःच्या मिशा हव्या होत्या, पीळ दिलेल्या. मी केल्या. परीक्षेच्या पहिल्याच बारात डावी मिशी उडाली. सरदारांनी रागानं विचारलं, "हे काय, मिस्त्री?" मी म्हटलं, "सरकार, तोफ शाबूत आहे. लढाईत थोडं खर्ची पडायचंच." ते आपली डावी मिशी चाचपत हसले. त्या तोफेनं पुढं दोन मोहिमा केल्या असं ऐकलं. तिचे गोळे कोणाच्या घरावर पडले, कोणाची पोरं त्यात गेली, हे मी तेव्हा कधी विचारलं नाही. आता रिकामा बसलो की तेच मनात येतं.

हा झाला कारखान्यातला पेद्रू. आता घरचा सांगतो.

आम्ही मूळचे वसईचे. श्रीमंतांच्या तोफखान्यात आपली क्रिस्ती माणसं गोव्याकडून, वसईकडून पुष्कळ आली. पुण्यात आधी आपला मिस्सा एका राहुटीत व्हायचा. पुढं श्रीमंतांनी नागझरीपलीकडं ही जागा दिली आणि मातीच्या भिंतींची, गवतानं शाकारलेली पहिली इगर्ज उभी राहिली. घंटा नव्हती. तोफेच्या गाड्याच्या चाकाची एक तुटकी लोखंडी धाव चिंचेच्या झाडाला टांगली होती. रविवारी कोणीतरी तिच्यावर हातोडा मारायचं आणि लोकांना वाटायचं, शेजारी घोड्याला नाल ठोकतायत.

मला दोन मुलं. मारी तेव्हा दहा वर्षांची आणि जुझे आठाचा. माझी बायको कातरीन दुपारची भाकरी मारीच्या हाती कारखान्यात पाठवायची. भाकरी देऊन पोरीनं परत जावं, पण ती भट्टीसमोर बसून राहायची. मीही तिला सगळं दाखवायचो. धातू तयार व्हायला आला की ज्वाळेच्या कडेला हिरवा रंग चढतो, तो मोठमोठ्या गड्यांच्या आधी तिला दिसायचा. "बाबा, हिरवी झाली," असं ती ओरडायची आणि मी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचो.

रविवारचा बाबा वेगळा होता. मी छडी घेऊन पोरांच्या मागं बसायचो. प्रार्थना लॅटिनमधल्या, त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं, पण पोरांचं एक अक्षर चुकलेलं मला चालत नव्हतं. पाठ झाल्याशिवाय जेवण नाही. मान वळली की छडी, जांभई आली की छडी. मला वाटायचं, पोरांच्या मनात देव बसवायचा तर भिंत जाड हवी. त्यात फुटायची भीती नाही.

एका रविवारी दोघंही घरातून नाहीशी झाली. शोधत गेलो तर नागझरीच्या काठी गवतात पालथी पडलेली. जुझेला बखोटीला धरला, मारीला पुढं घातलं. वाटेत ती थांबली आणि माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "बाबा, मला इगर्ज आवडत नाही. कारखान्यात तुम्ही माझे बाबा असता. इथं आलात की शिपाई होता."

मी छडी उचलली. मारली नाही, कारण समोरून पाद्रीबाबा येत होते. ते आले नसते तर मारली असती. मारी, हेही वाचायचं.

 संध्याकाळी घरी तांदूळ निवडता निवडता कातरीन म्हणाली, "अहो, एक विचारू? ही पोर मोठी होईल, सासरी जाईल. तेव्हा छडी घेऊन मागं बसायला तुम्ही नसाल. स्वतःच्या पायांनी ती इगर्जीत जाईल का?"

या प्रश्नानं माझी झोप उडवली. माझ्या वडिलांनी वसई सोडली, मुलूख सोडला, घर सोडलं, पण इगर्ज सोडली नाही. माझ्यापाशी येऊन ती सुटणार होती आणि सोडवणारा मीच होतो. पण चूक कळणं एक आणि चूक कबूल करणं दुसरं. मी तिसराच उपाय काढला. मी ठरवलं की पोरांना इगर्ज आवडत नाही ती घंटा नसल्यामुळे. जागोजागच्या देवळांत घंटा घणघणतात, आपल्याकडं फुटकी धाव. मी तोफा ओतणारा, घंटा म्हणजे काय मोठंसं! कारखान्याच्या दारोग्यांच्या पाया पडून झिजून बाद झालेल्या एका तोफेचा धातू मागून आणला आणि पाद्रीबाबांना सांगून टाकलं, "सणाच्या आत घंटा लागेल."

मारी आणि जुझे दोघंही मागं लागली. आम्ही माती मळतो, आम्ही केस कातरतो. मी म्हटलं, "हे पवित्र काम आहे. पोरांनी लांब राहायचं." एकट्यानं साचा केला, एकट्यानं ओतली. मला जे येत होतं ते सगळं त्या घंटेत घातलं. भिंत चार बोटं जाड. माप दहाला एक.

सणाचा दिवस आला. सगळी वस्ती नटूनथटून आलेली. जागा दिली म्हणून श्रीमंतांच्या दफ्तरातल्या एका कारकुनांना बोलावलं होतं, तेही उपरणं सावरत पुढं बसले होते. पाद्रीबाबांनी घंटेवर पवित्र पाणी शिंपडलं, आशीर्वाद दिला. मी मिशीवर हात फिरवला आणि दोर ओढला.

थप्प.

ओल्या गोधडीवर मुसळ मारावं तसा आवाज. मला वाटलं, आतला लोलक नीट लागला नाही. पुन्हा जोरात ओढला. पुन्हा थप्प.  कारकून अस्सल पुणेकर. ते पाद्रीबाबांकडं वळून अगदी आदबीनं म्हणाले, "वा, छान. शेजाऱ्यांना त्रास नाही."

जुझे खो खो हसला. आणि मारी, हिला लहानपणापासून खरं बोलायची खोड, ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तोफच ओतलीत."

मी दोर सोडला आणि मिस्सा न ऐकता घरी गेलो.

पुढचे तीन रविवार मी इगर्जीत पाऊल टाकलं नाही. कणकण आहे, पाठ धरली आहे, असं काहीबाही सांगत राहिलो. कारखान्यातही गडी माझ्यामागं हळूच "थप्प" म्हणायचे आणि मी वळलो की भट्टीत फुंकायला लागायचे. इतक्या वर्षांत न फुटलेल्या तोफा कोणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. माझ्याही राहिल्या नाहीत.

चौथ्या रविवारी सकाळी मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. दारात कोणीतरी खाकरलं. बघतो तर मारी आणि जुझे, आंघोळ केलेली, तेल लावलेली, धुतलेले कपडे घातलेली. जुझेच्या हातात माझी छडी होती.

"चला," जुझे म्हणाला. आवाज माझ्यासारखा काढायचा त्याचा प्रयत्न होता.

"कुठं?"

"इगर्जीत. कणकण असली तरी जायचं. पाठ झालं नसेल तर जेवायला मिळणार नाही," मारी म्हणाली.

कातरीन आतून पदर तोंडाला लावून बघत होती. मला आधी राग आला, मग हसू आलं आणि मग डोळे भरून आले. हे तिन्ही एका दमात झालं. मी उठलो, पागोटं घातलं आणि माझ्या पोरांच्या पुढं, छडीच्या धाकात, इगर्जीकडं निघालो. वाटेत विचारलं, "तुम्हाला तर इगर्ज आवडत नाही ना?" मारी म्हणाली, "तुम्ही नसल्यावर आम्ही तीन रविवार गेलो. पाद्रीबाबांनी आम्हाला दिवे लावू दिले. तुम्ही मागं बसला नाहीत तर बरं असतं तिथं." मग म्हणाली, "पण तुम्ही नव्हता, तेही बरं नव्हतं. शेजारी बसा."

इगर्जीच्या अंगणात चिंचेखाली एक अनोळखी म्हातारा माझ्या घंटेभोवती फिरत होता. कपाळावर बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. हे रखमाजी कासार. कसब्यात त्यांचं घर आणि हयात गेली भजनाचे टाळ ओतण्यात. मारीनं काय केलं होतं, तर आठवडाभर कासारांच्या दारोदार जाऊन विचारलं होतं की आमची घंटा बोलत का नाही. बाकीच्यांनी हाकलून दिलं. रखमाजी म्हणाले, चल, बघू तुझी घंटा.

त्यांनी बोटाच्या पेरानं घंटेवर टकटक केलं, कान लावला आणि मला विचारलं, "ही आपण ओतलीत?"

"हो."

"सुरेख आहे. बुरुजावरून शत्रूच्या डोक्यात घालायला हिच्यासारखी दुसरी नाही. माप काय घेतलंत?"

"दहाला एक."

"मग ती थप्पच म्हणणार. टाळाला आम्ही चाराला एक कथील घेतो. घंटेलाही तेच."

"चाराला एक!" मी ओरडलोच. "अहो, फुटेल!"

"फुटेल ना, टाकलीत तर. घंटा टाकायची नसते मिस्त्री, टांगायची असते." मग त्यांनी घंटेच्या काठाची जाडी चिमटीत धरून बघितली. "आणि ही एवढी भिंत कशाला? आतून कोणी दारू उडवणार आहे का?"

मी मारीकडं बघितलं. जन्मभर मी एकाच भीतीनं काम केलं होतं, की आपल्या हातचं काही फुटू नये. तोफेला ती भीती लागते. ती मी घंटेला लावली आणि पोरांनाही लावली. हे मला त्या चिंचेखाली, कासाराच्या चिमटीकडं बघताना कळलं. त्या दिवशी मिस्साला मी पोरांच्या शेजारी बसलो. छडी जुझेच्या मांडीवर होती. दोनदा माझी मान वळली तेव्हा त्यानं ती मला दाखवली.

दुसऱ्या घंटेचं काम इगर्जीच्या अंगणातच केलं. पहिली फोडून वितळवायची होती, पण ती फुटेना. घण मारून गडी दमले. तिचं तेवढं एकच यश, ते मी इथं नोंदवून ठेवतो. शेवटी जाळावर लाल करून तिचे तुकडे पाडले. माती वस्तीतल्या सगळ्या पोरांनी मिळून तुडवली. बकरीचे केस कातरायला जुझेकडं कात्री दिली, तर त्यानं पाद्रीबाबांची बकरी अर्धी भादरून ठेवली.

ओतायच्या दिवशी रखमाजी एक जुना टाळजोड घेऊन आले. एका टाळाला तडा गेला होता. "माझ्या वडिलांनी ओतलेला आहे," ते म्हणाले. "पुष्कळ भजनं झाली याच्यावर. हा घाला तुमच्या धातूत. याला वाजायची सवय आहे."

आपले एक जुने गोलंदाज, आता देवाघरी गेले, ते पुढं झाले. "भजनाचे टाळ आपल्या घंटेत? पाद्रीबाबा, हे कसं चालेल?"

पाद्रीबाबा भट्टीतल्या तुकड्यांकडं बघत होते. ते म्हणाले, "बाबा, हा बाकीचा धातू तोफेचा आहे. त्यानं माणसं मारली, ते आपल्याला चाललं. यानं देवाचं नाव घेतलं, ते चालणार नाही?" गोलंदाज मागं सरकले आणि टाळ भट्टीत गेले.

त्याआधीची एक गोष्ट राहिली. खोट्या घंटेवर मेणाची नक्षी चिकटवतात, म्हणजे ती साच्यात उमटते आणि पुढं धातूवर येते. मारीनं हट्टानं कूर्सांची, क्रुसाच्या खुणांची, एक ओळ स्वतः केली. बारा कूर्स, आणि त्यातला सातवा चांगलाच कलता. कारखान्यात असं काम मी सुरीनं खरवडून काढलं असतं. सुरी माझ्या हातात होतीच. पोर माझ्या तोंडाकडं बघत होती. मी सुरी खाली ठेवली. तो कलता कूर्स आजही आपल्या घंटेवर आहे, मिस्सा झाल्यावर ज्यांना बघायचा त्यांनी बघावा.

ओतण्याची घडी मात्र कठीण आली. कथील नेहमी शेवटी टाकतात, आधी टाकलं तर जळून जातं. ते टाकलं, ओल्या लाकडानं धातू ढवळला आणि मी थांबलो. तोफेचा धातू जितका तापवायची मला सवय, तितका हा तापला नव्हता. रखमाजी म्हणत होते, "मिस्त्री, सोडा आता. जास्त तापवलात तर कथील जाईल आणि पुन्हा थप्प." माझा हात उठेना. इतक्या वर्षांची सवय मला सांगत होती, अजून थांब. सगळी वस्ती माझ्याकडं बघत होती आणि दुसऱ्यांदा तोंडघशी पडायची माझी छाती नव्हती.

मी मारीला हाक मारली. "तू बघ. सांगशील तेव्हा सोडतो."

ती भट्टीसमोर उकिडवी बसली, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून.  मग तिचा नेहमीचा आवाज आला, "बाबा, हिरवी झाली!" मी भट्टीच्या तोंडाचा डाट काढला. धातू पाटातून धावत गेला आणि साच्यात उतरला, एकदाही न अडखळता. वरच्या भोकातून तो काठोकाठ दिसला तेव्हा रखमाजींनी आकाशाकडं बघून हात जोडले आणि आपल्या बायकांनी कपाळावर कूर्स केला.

साचा निवायला दोन दिवस लागतात. घाईनं उघडला तर घंटा तडकते. पोरं इगर्जीच्या पायरीवर बसून राहिली, मीही त्यांच्याजवळ बसलो. छडी नव्हती, पाठांतर नव्हतं, मग बोलायचं काय? मी त्यांना त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. वसईच्या लढाईनंतर तिथल्या इगर्जींच्या घंटा देशावर आल्या आणि कुठकुठल्या देवळांत टांगल्या गेल्या. माझे वडील एकदा तोफखान्याबरोबर घाटावर एका गावात उतरले असताना संध्याकाळी देवळात घंटा वाजली. ते जागच्या जागी थांबले, पागोटं काढलं आणि देवळाबाहेर उभे राहिले. पुजाऱ्यानं विचारलं, "काय हवं, बाबा?" वडील म्हणाले, "काही नाही. ही माझ्या बाप्तिस्म्याला वाजली होती." पुजारी आत गेला आणि त्यानं ती त्यांच्यासाठी आणखी एकदा वाजवली.

जुझे म्हणाला, "आजोबांना आवाज ओळखता आला?" मी म्हटलं, "लहानपणी ज्याच्यावर जीव जडतो, त्याचा आवाज ओळखता येतो."  मारी उठली, ज्या खड्ड्यात साचा उभा केला होता तिथं गेली आणि त्याच्या मातीला हात लावून आली. "अजून ऊन आहे," म्हणाली. नंतर दोन दिवस ती अधूनमधून जाऊन तेच करत होती. इगर्जीतून तिला घरी न्यायला कातरीनला हाका माराव्या लागल्या. माझ्या घरात असं पहिल्यांदाच घडत होतं.

घंटा टांगली. पाद्रीबाबांनी पुन्हा आशीर्वाद दिला. मागच्या खेपेला जुझे हसला होता, त्याची शिक्षा म्हणून दोर त्याच्या हातात दिला. त्यानं सगळं अंग टाकून ओढला.

आवाज मी इथं लिहू शकत नाही. तुम्हाला तो रोज ऐकू येतो, तुम्हाला काय सांगू? एवढंच सांगतो की तो निघाला आणि थांबलाच नाही. नागझरी ओलांडून गेला. शेजारची गुरं माना वर करून बघायला लागली. जुझेनं घाबरून दोर सोडला तरी घंटा वाजतच होती. कातरीन रडत होती, पाद्रीबाबा हसत होते आणि मारी माझ्या कमरेला मिठी मारून ओरडत होती, "बाबा, बोलली! बोलली!" एवढ्या तोफा उडवल्या मी, पण त्या दिवसासारखी छाती कधी फुगली नाही. दुसऱ्या दिवशी रखमाजींना भेटायला कसब्यात गेलो. ते म्हणाले, "आंघोळ करत होतो, तेव्हा ऐकली. बरी आहे. थोडी जास्त बोलते, पण पुण्यातच राहायचं म्हटल्यावर तसं लागतंच."

रखमाजी आता नाहीत. कातरीनही नाही. छडी मात्र आहे, कारण जुझेनं ती आठवण म्हणून ठेवली आहे आणि मला चिडवायला अजून वापरतो. दोरही त्याच दिवसापासून त्याच्याकडं आहे. मारी चार लेकरांची आई झाली. वस्तीतल्या पोरांना प्रार्थना तीच शिकवते, आणि शिकवताना त्यांच्यातच मांडी घालून बसते. कातरीनच्या प्रश्नाचं उत्तर मला रोज दिसतं. ते तिनंही बघितलं, एवढं समाधान आहे.

आता माझ्या कानांचं सांगून संपवतो. ऐकणं हळूहळू कमी होत गेलं. आधी माणसांचं बोलणं गेलं, मग भट्टीचा आवाज गेला. घंटा सगळ्यांत शेवटी गेली. तो रविवार मला आठवतो. मी ओट्यावर बसलो होतो. ऊन वर आलं तरी घंटा होईना. जुझे विसरला, असं समजून मी चिडून उठलो आणि त्याला झापायला निघालो. तेवढ्यात गल्लीतून पोरं धावत आली. मारीची चारही पुढं, त्यांच्यामागं वस्तीतली. कोणाची वेणी अर्धी घातलेली, कोणाच्या हातात भाकरीचा तुकडा. सगळी इगर्जीकडं धावत होती आणि त्यांच्यामागं छडी घेतलेलं कोणी नव्हतं. तेव्हा मला कळलं की घंटा झाली होती.

मारी, कागद संपत आला. पाद्रीबाबा उपाशी आहेत, त्यांना फार ताटकळत ठेवू नकोस. पोरं बाहेर चिंचेखाली खेळतायत. जुझेला सांग, मिस्साची घंटा दे. मी दाराकडं तोंड करून बसतो.